घरभर कावीळ

"मनाने एकदा हुकूम सोडला की डोळे मुकाट्याने त्याची चाकरी करतात. स्वतःच्या डोळ्यांवर फार विसंबू नका, मुलींनो," असं मानसशास्त्राचे प्राध्यापक कॉलेजात सांगत, तेव्हा इंदू मागच्या बाकावर स्वेटरचे टाके मोजत होती. परीक्षेला हे येणार नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

आता ती नगरला दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात होती. मांडीवर दहा महिन्यांची मुग्धा होती आणि सासूबाई महिनाभरासाठी देवळाली प्रवरेला लेकीकडे गेल्या होत्या. एकाहत्तरची लढाई संपून सहा आठवडे झाले तरी ब्लॅकआऊटसाठी खिडक्यांना चिकटवलेले खाकी कागद तसेच होते. सासरे विष्णुपंत निवृत्त शिक्षक. त्यांनी खळ अशी काही दणकट केली होती, की कागदाबरोबर काचही निघेल अशी सगळ्यांना भीती वाटे. बाहेर थंडी होती, म्हणून इंदू मुग्धाला उंबऱ्याबाहेर नेत नव्हती.

एके सकाळी दूधवाला गोरक्ष आत येऊन पातेल्यात दूध ओतता ओतता थबकला.

"ताई, पोर पिवळं दिसतंया वो. आमच्या वस्तीवर कावीळ आलीया. बघा बरं जरा."

एवढं बोलून तो गेला. इंदूने मुग्धाला खिडकीशी नेलं. नखं पिवळी. तळवे पिवळे. डोळ्यांचं पांढरं पिवळं. काल हे आपल्याला दिसलं कसं नाही? कसली आई आपण!

तिने शेजारच्या विजयाला हाक मारली. विजया पोळपाट टाकून आली, खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "अगंबाई! हळद लावल्यासारखीच झालीय की! पण इंदू, तुझाही चेहरा काही बरा नाही हं."

"माझं राहू दे गं!"

"राहू दे कसं? ही लागण असते."

तिचा नवरा हेमचंद्र ऑफिसला निघण्यासाठी सायकल चालवताना पँटच्या पायाला लावायची क्लिप शोधत होता. इंदूने त्याला हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं.

"अहो, तुम्हीसुद्धा!"

"मला काय झालंय? ठणठणीत आहे मी."

"जीभ दाखवा. भूक लागते का नीट?"

"लागते की." तो जरा थांबला. "तसं... सकाळपासून गळल्यासारखं वाटतंय खरं. काल जिना चढताना पिंढऱ्याही दुखल्या." दहा मिनिटांत तो कॉटवर आडवा झाला आणि रजेच्या अर्जाचा मजकूर पुटपुटू लागला.

विष्णुपंत कोपऱ्यातून म्हणाले, "मी बोललो नव्हतो, पण मलाही आठ दिवस तोंडाला चव नाही."

"मामंजी, काल तुम्ही थालीपिठं चार खाल्लीत."

"चवीच्या शोधात खाल्ली, सूनबाई."

त्या दिवसापासून घरात तेल बंद, तिखट बंद, हळद तर शपथेला नाही. सकाळ-संध्याकाळ पेज आणि उसाची कांडी. विजयाही "आमच्याकडे नको पसरायला" म्हणून दुपारभर इंदूकडेच बसू लागली आणि रोज थोडी थोडी पिवळी होत गेली. इंदू तासातासाला मुग्धाची पापणी खाली ओढून बघे. मुग्धा किंचाळे. किंचाळणं हेही लक्षण असेल का, असं इंदूला वाटे. झोपली तर ग्लानी, हसली तर वात. पोरीला काही झालं तर सासूबाईंना काय तोंड दाखवायचं, या विचाराने तिला घास जात नव्हता. पेजेचा तसाही जात नव्हता.

तिसऱ्या दिवशी विजयाने केडगावच्या लंकाबाईंना आणलं. लंकाबाई कावीळ उतरवायच्या. त्यांनी तळहातांवर कसलासा पाला चोळला, मुग्धाच्या अंगावरून हात फिरवले आणि परातीत चुन्याच्या निवळीने धुतले. पाणी पिवळंधमक!

"लई हाय वो!" लंकाबाई म्हणाल्या. "आता तुमी या, मास्तर."

विष्णुपंतांची परात पिवळी. हेमचंद्रची पिवळी. विजयाची इतकी पिवळी, की तिला थोडा अभिमानच वाटला.

"सात दिस उतरवावी लागंल," लंकाबाईंनी सांगितलं.

पण त्या संध्याकाळी मुग्धाने पेजेची वाटी उडवून लावली आणि जो सूर धरला, तो सोडेचना. इंदूचा धीर सुटला. सकाळी टांगा बोलावून तिने सगळं घर डॉक्टरांकडे नेलं. मुग्धा शालीत गुंडाळलेली, हेमचंद्र टांग्याचा दांडा धरून डोळे मिटलेला.

दवाखान्याच्या ओट्यावर ऊन होतं. डॉक्टरांनी तिथेच शाल बाजूला केली.

"कावीळ कुणाला?"

"हिला. आणि ह्यांना. मामंजींनाही. शिवाय शेजारच्या—"

"बाई, पोरगी गाजरासारखी लाल आहे! बघा तरी." डॉक्टरांनी एकेकाचे डोळे तपासले. मग त्यांनी हळूच विचारलं, "खिडक्यांचे कागद काढलेत का?"

विष्णुपंत खळीबद्दल काहीतरी पुटपुटले.

"माझेही राहिले होते. डिसेंबरात मी चार जणांना कावीळ सांगितली. पाचवा माझा कंपाउंडर निघाला, तेव्हा कागद फाडले."

परतताना हेमचंद्र टांग्याच्या पुढे पुढे चालत होता. विष्णुपंतांनी वाटेत भजी घेतली. घरी बादलीभर गरम पाणी आणि उलथनं घेऊन सगळे खिडक्यांना भिडले. खाकी कागदातून गाळून येणाऱ्या पिवळ्या उजेडाच्या जागी पांढरा लख्ख उजेड आत आला आणि इंदूने मुग्धाला घट्ट धरून मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई पुढची कावीळ उतरवायला हजर. इंदू संकोचाने अंगणात आली आणि आता गरज नाही म्हणाली. लंकाबाई भर उन्हात टेकल्या होत्या.

"उतरली म्हना की! मग शिधा द्या, जाते. आज लई थकवा हाय. पाणीबी कडू लागतंय."

इंदू त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली. वर मोकळं आभाळ होतं. मध्ये ना कागद, ना काच.

"लंकाबाई, तुमचे डोळे पिवळे आहेत."

"मला? मी उतरवनारी हाय बाई. मला कशी व्हईल?"

"अहो, बाहेर या! विजया, तू बघ गं!"

विजया खिडकीतूनच हसली. विष्णुपंत भज्यांचा पुडा घेऊन आत वळले. हेमचंद्र सायकल काढत म्हणाला, "इंदू, आता अंगणालाही कुणी कागद लावलाय का?"

"एकदा बघा तरी! पाया पडते."

"कालच पाहिलं ना सगळ्यांनी?" सायकल निघूनही गेली.

लंकाबाईंनी शिधा पदरात बांधला, भिंतीला धरून उठल्या आणि पुणे रस्त्याला लागल्या. इंदू मुग्धाला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत मागे गेली, डॉक्टरांकडे चला म्हणून विनवत राहिली. लंकाबाई हसून हात हलवत चालत होत्या, आणि दर वीस पावलांवर थांबत होत्या.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी केडगावकडे जाणार असेल, तर लंकाबाईंचं घर विचारा, कुणीही दाखवील. त्यांना उन्हात बोलवा, पापणी खाली ओढून बघा आणि डॉक्टरांकडे न्या. फक्त इंदूने पाठवलंय असं सांगू नका.