आज कशानं आलात?

पायात सळई बसवल्यापासून शंकररावांचं शिलाई मशीन बंद होतं आणि कोर्टातली केस मात्र चालू होती. चालू म्हणजे तारखा पडत होत्या. धाडच्या बाजारात इंद्रभानच्या सवारीच्या जीपनं त्यांना उडवलं, त्याला हा तिसरा उन्हाळा. भरपाई विमा कंपनी देणार, पण आधी चालकाची हयगय सिद्ध करा, असं कायदा म्हणतो. पायडल मारायचा पाय कायमचा वाकडा झाला, एवढ्यावर कायद्याचं भागत नाही. भरपाई आली तर मोटरवर चालणारं मशीन येणार होतं. नाही आली तर दुकानाचं शटर खालीच राहणार होतं.

हयगय तर होतीच. मागच्या सीटवरच्या माणसाशी त्याच्या डोळ्यांत बघून बोलायची इंद्रभानची सवय होती. पाठमोरं बोलणं त्याला अपमानाचं वाटे. त्या दिवशी तो मागच्या पाहुण्याला लेकीच्या लग्नाच्या पंगतीचा बेत सांगत होता. साक्षीसाठी शोधलं, तर तो पाहुणा नंतर कोणाला दिसला नाही.

इंद्रभान माणूस वाईट नव्हता. दवाखान्यात त्यानं रोज डबा पोचवला. "तात्या, बिनधास्त क्लेम करा, पैसे कंपनी भरते," तो म्हणायचा. "फक्त मले निष्काळजी म्हणू नका. बाकी काहीबी म्हणा."

"बाकी म्हणून काय उपेग हाय बे?" शंकरराव थकून म्हणायचे.

एसटीत पाय लांब करता येत नसे. म्हणून तारखेला बुलडाण्याला जायला इंद्रभानच जीपची पुढची सीट राखून ठेवायचा. "घरच्यावानी गाडी असल्यावर एसटीत काऊन मरता?" असं केसरबाई नवऱ्याला म्हणायच्या. त्यांचंही बरोबर होतं.

शेवटी एकदा शंकरराव साक्षीला उभे राहिले. कंपनीचे वकील भगवंतराव फार मायेनं विचारू लागले.

"पाय दुखतो का?"

"दुखते जी."

"मग आज कशानं आलात?"

शंकरराव आयुष्यात खोटं बोलले ते फक्त कपडे कधी मिळतील याबाबत. "इंद्रभानच्या जीपनं," ते म्हणाले.

"ज्यानं तुम्हाला उडवलं, त्याच्या?"

"हाव. पुढच्या सीटवर."

"आणि मागच्या तारखेला?"

"त्याच्याच."

"साहेब, खुद्द जखमीचा भरवसा आहे, इतका हा चालक सावध आहे," भगवंतरावांनी न्यायाधीशांना सांगितलं. शंकररावांच्या वकील समीक्षाताईंनी डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तात्या, पुढच्या वेळी एसटीनं या."

भगवंतरावांचं गाव धाडच्याच वाटेवर. त्या संध्याकाळी त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती आणि एसटी नुकतीच गेली होती. इंद्रभाननं त्यांना आदरानं मागच्या सीटवर बसवलं.

"साहेब, आजलोक मले कोणी सावध म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. बोलताना अर्थातच तो पूर्ण मागं वळला.

"समोर पाह्य बे," शंकरराव म्हणाले.

"पाहून राह्यलो ना, तात्या. तं साहेब, मी काय म्हणतो..."

जीप बाभळीवर गेली. शंकररावांनी बुलडाण्यापासूनच दांडी घट्ट धरली होती. भगवंतरावांना तशी सवय नव्हती.

पुढच्या तारखेला शंकरराव एसटीनं, सगळी वाट उभ्यानं आले. समीक्षाताईंच्या टेबलासमोर भगवंतराव बसले होते, प्लास्टरातला हात गळ्यात.

"माझाही क्लेम लावायचाय," ते हळूच म्हणाले.

"लावू की. पण हयगय सिद्ध करावी लागेल, सर. आणि चालक सावध आहे, हे तुम्हीच भर कोर्टात सांगून बसलाय."

भगवंतरावांनी गळ्यातला हात सावरला. "कंपनीला तडजोडीचा सल्ला देतो," ते म्हणाले. "शंकररावांना भरपाई देऊन टाकू. चालकाची हयगय मान्य करूनच."

शंकररावांना एकदम रडू आलं. तीन उन्हाळ्यांचा शीण घेऊन ते शेजारच्या खुर्चीत बसले. या माणसाशी चार शब्द आपुलकीनं बोलावेत असं त्यांना वाटलं.

"हात लय दुखत असन, साहेब. आज कशानं आले?"

बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला.

"एसटी चुकली," भगवंतराव म्हणाले.