वर्लनरावांनी कमरपट्टा जिंकला, त्याची हकीकत

ज्या जगन्नियंत्याने मनुष्यास कंबर दिली आणि तीवर विजार ठरेल की घसरेल हे ज्याच्या त्याच्या कर्मावर सोडिले, त्यास नमस्कार करून लिहितो ऐसीजे. टेक्सास प्रांती, उत्तरेच्या पठारावर, जेथे वारा सालभर तळ देऊन असतो आणि हालावयाचे नाव घेत नाही, त्या अमरिलो शहरी बॅस्कम घराण्याचे अंत्यविधीगृह नांदते आहे. तेथील नामजाद सरदार, काळ्या सुटाचे मानकरी, शवपेटीपुढे चालण्याचा हक्क वर्षानुवर्षे बेदाग राखणारे राजमान्य राजश्री वर्लनराव स्टबलफील्ड, यांजवर जो प्रसंग गुदरला आणि त्यांणी तो ज्या हिकमतीने निभावून नेला, त्याची ही कैफियत.

वर्लनरावांपाशी पिस्तुल बाळगण्याचा सरकारी परवाना होता. कारण ऐसे की, दूरच्या माळरानावरील घरांतून मयत आणावयास त्यांस एकटे जावे लागे, आणि एके समयी मयताचे दोन पुतणे मयताच्या घड्याळावरून हातघाईवर आले आणि वर्लनराव स्ट्रेचरासुद्धा मध्ये सापडले. तेव्हापासून उजव्या कुशीस, कोटाखाली, पिस्तुल असावे हा त्यांचा दंडक जाहला. आणि ते कोणास दिसू नये हा दुसरा दंडक. कां की जो माणूस दुःखितांस रुमाल देतो त्याच्या कमरेस हत्यार दिसणे हे पेशास शोभणारे नव्हे.

परंतु पिस्तुलास वजन असते आणि पट्ट्यास वय असते. ट्विला ऑट नामे बाईंच्या दफनाचे दिवशी वर्लनराव फुलांचे चक्र ठेवावयास ओणवे जाहले, आणि त्याच घडीस वाऱ्याने चाल केली, आणि कोट उडाला, आणि जुन्या पट्ट्याने मान टाकिली, आणि मग विजार उजवे बाजूने ऐसी निघाली की जणू तीच कबरीत उतरते आहे. वर्लनरावांनी डावे हाताने कोट आवरिला, उजवे हाताने विजार धरिली, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून, नाचावयास उभे राहिल्यासारखे, सारा वेळ काढिला. चर्चच्या गायकांपैकी एक जाडा गृहस्थ भजनाचे मध्येच फुसकन हसला. पिस्तुल कोणास दिसले नाही इतकीच अब्रू राहिली.

दुसरे दिवशी मालक मिस्टर बॅस्कम यांणी हुजूर बोलाविले आणि फर्माविले, की कमरेस काय असते ते मजला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझा उजूर नाही. परंतु पुनः विजार हालली तर एक तर ते घरी राहील, नाही तर तुम्ही आतल्या खोलीत फुलांच्या पावत्या फाडीत बसाल आणि पेटीपुढे माझा भाचा चालेल. भाचा च्युइंगम चघळीत असे. वर्लनरावांचे काळीज हालले.

मग त्यांणी मसलत करून प्रथम बाजारपेठेतील मोठ्या दुकानावर कूच केले. तेथे पट्टे बहुत, परंतु सारे नाजूक, चकचकीत, मेजवानीस जाणारे. विक्रीवरील मुलगी अदबीने पुढे आली. वर्लनरावांनी पिस्तुल गाडीत कुलुपात ठेविले होते आणि त्याचे नाव काढणे नव्हते, म्हणून आडून विचारिले.

"याच्यावर समजा दोन पौंडांचं काही लटकवलं, तर झेपेल का?"

"म्हणजे काय, सर? किल्ल्या?"

"हो. किल्ल्या."

"दोन पौंड किल्ल्या?"

"दारं बरीच आहेत," वर्लनराव म्हणाले आणि त्यांचे कान लाल जाहले.

मुलीने सर्वांत महाग पट्टा दिला. तो दिसण्यात उमदा, काळा, सडपातळ; परंतु सूर्य दोनदा मावळला नाही तोच उकडलेल्या शेवयांसारखा पिळा घालून बसला, आणि पिस्तुल कोटाबाहेर डोकावून रस्ता पाहू लागले. येणेप्रमाणे पहिल्या लढाईत शिकस्त जाहली.

तेव्हा त्यांचे मेहुणे कॉय लेडबेटर, ट्रकच्या टायरांचे व्यापारी, ज्यांस न विचारता सल्ला देण्याची वतनदारी जन्मतः प्राप्त होती, ते मदतीस धावून आले आणि वर्लनरावांस बंदुकांच्या दुकानी घेऊन गेले. तेथे मिळालेला पट्टा म्हणजे पट्टा नव्हे, तटबंदी. आत पोलादाची पात, वर जाड नायलॉन, पुढे घडीची बक्कल ऐसी की तिने बैल बांधावा. त्याने पिस्तुल काय, लहान तोफ तोलली असती. परंतु सुटाच्या विजारीचे लूप पडले अरुंद, आणि हा ऐवज त्यांतून जाईना.

"त्यात काय? लूप काप," कॉय म्हणाला.

"चारशे डॉलरचा सूट आहे, कॉय."

"मग खांद्यावरून गॅलिस लाव."

"गॅलिस पँट धरतात रे, पिस्तुल नाही धरत. ते लोंबेल घड्याळाच्या लंबकासारखं."

"बरं मग, मेलेले काही तक्रार करत नाहीत ना?"

वर्लनरावांनी हट्टास पेटून, एक एक लूप उसवीत आणि दात ओठ खात, तो पट्टा चढविला आणि घरी जाऊन खाशा स्वारीसमोर उभे राहिले. खाशी स्वारी म्हणजे त्यांची बायको नेल्डा, दातांच्या दवाखान्यात रोग्यांस थोपवून धरणारी, अतिशय थंड नजरेची बाई. तिने कॉफीचा मग खाली ठेविला आणि आपादमस्तक पाहिले.

"वर्लन, तू प्रेत न्यायला निघालायस की बंद पडलेला ट्रक ओढायला?"

दुसरीही लढाई बुडाली.

यानंतर वर्लनराव काही काळ उदास राहिले. उसवलेले लूप पुनः शिवून घेतले आणि पिस्तुल घरी ठेवून दोन दफने केली. परंतु उजवी कूस रिती लागे आणि हात वारंवार तेथे जाऊन परत येई. मग त्यांणी संगणकावर बसून मुलूख धुंडाळिला आणि आयडाहो प्रांतीच्या एका कारागीर मंडळीचा पट्टा हेरिला. दुपदरी गाईचे कातडे, मध्ये कडक पट्टी शिवलेली, परंतु वरून कोणास कळू नये; रुंदी पाठीमागे दीड इंच आणि पुढे निमुळती होत बक्कल लहान, मंद रुपेरी, बँकेच्या मॅनेजरास शोभेल ऐसी. वर्लनरावांचे डोळे पाणावले. त्यांणी तात्काळ अडतीस इंचांचा हुकूम सोडिला, कां की त्यांच्या विजारीवर अडतीसच लिहिलेले होते.

पट्टा आला, डबी उघडिली, कातड्याचा वास घरभर दरवळला. वर्लनरावांनी पिस्तुल खोवून पट्टा कमरेस घातला, आणि दोन टोके एकमेकांस दुरून पाहत राहिली. श्वास आत ओढिला, भिंतीस पाठ लाविली, पलंगावर उताणे निजून पाहिले, तह होईना. मग नेल्डा शिवणाची टेप घेऊन आली आणि त्यांणी पोट आत घेण्यापूर्वीच माप घेऊन मोकळी जाहली.

"चव्वेचाळीस."

"पिस्तुलासकट मोजतेयस तू," वर्लनराव म्हणाले. "डबीवर लिहिलंय बघ, पिस्तुलाचे दोन इंच जास्त धरायचे."

"धरले. दोन पिस्तुलाचे. बाकीचे चार कोणाचे?"

वर्लनराव कारखान्यांच्या बेइमानीविषयी, धुलाईत आटणाऱ्या कापडाविषयी आणि घराण्यातील रुंद हाडाविषयी बहुत बोलले. नेल्डाने टेप गुंडाळिली आणि त्यांच्या पोटावर हलकेच थाप मारिली.

"राजा, चव्वेचाळीस लिही. आयडाहोत तुला कोण ओळखतं?"

या मोहिमेत वर्लनरावांनी जे जे दिले त्यांत हे देणे सर्वांत जड होते. त्यांणी दार लावून घेतले, तो आकडा आपल्या हाताने लिहिला आणि बदलीचा पट्टा मागविला. तो आला तेव्हा लूपांतून रेशमासारखा सरकला, मधल्या भोकात बक्कल बसली, पिस्तुल कुशीस ऐसे चिकटले की जन्मतः तेथेच होते, आणि वर्लनराव अंगणात उड्या मारून पाहते जाहले. विजार हालली नाही. शेजारणीने पडदा ओढून घेतला.

परंतु नव्या कातड्यात एक दगा होता, तो घरच्या गडबडीत उमगला नाही.

इनेझ क्रौच नामे वृद्ध बाई निवर्तल्या. कुटुंब मोठे, चर्च भरलेले, मिस्टर बॅस्कम जातीने हजर, आणि भाचा मागे च्युइंगम चघळीत तयार उभा. वर्लनराव पेटीच्या उशाशी राहिले. पाद्रीबाबांनी सांगितले, की आता सर्वांनी क्षणभर मौन धरावे. ऐसे मौन पडले की वाराही बाहेर थबकला. आणि त्या मौनात वर्लनरावांनी श्वास घेतला.

कर्रर्र.

पुढल्या बाकावरील लोकांनी माना वर केल्या. वर्लनरावांस घाम फुटला. त्यांणी श्वास कोंडिला, चेहरा बिटासारखा जाहला, डोळे बाहेर आले, आणि शेवटी मनुष्यमात्रास जे चुकत नाही ते घडले. श्वास सुटला आणि दुपदरी कातडे सावकाश, लांबलचक, कुरकुरत बोलले. सारे चर्च बंद पेटीकडे पाहू लागले. एका बाईने छातीवर हात ठेविला. मिस्टर बॅस्कम पेटीच्या बिजागरीकडे ऐसे पाहू लागले की तिला नोकरीवरून काढितील.

तोच पहिल्या बाकावरून इनेझबाईंचे म्हातारे यजमान ऑर्विल क्रौच, गुडघ्यावर हॅट धरून बसलेले, मोठ्याने म्हणाले, "बोल, इनेझ, बोल. शेवटचा शब्द आजवर कधी सोडलायस का?"

प्रथम एक नात हसली, मग तिची आई हसली, मग पाद्रीबाबांनी तोंडावर पुस्तक धरिले, आणि मग सारे चर्च रडता रडता हसू लागले, ऐसे की पुढे दोन भजने सुरात लागली नाहीत. मग पेटी उचलली, वर्लनराव पुढे चालिले, दफनभूमीत वाऱ्याने सर्व बाजूंनी हल्ला केला, टोप्या उडाल्या, फुले उडाली, भाच्याचा टाय त्याच्याच तोंडावर आपटला. परंतु वर्लनराव ओणवे जाहले, उठले, पुनः ओणवे जाहले, आणि विजार तसूभर ढळली नाही.

मिस्टर बॅस्कम जवळ आले आणि त्यांणी हलक्या आवाजात फर्माविले, की पेटीवाल्यास आजच फोन करून बिजागरीची तंबी द्यावी, आणि पुढला मान तुमचा तुम्हांसच राहील.

"आणि वर्लन, बारीक झालास की काय रे?"

"थोडासा, साहेब," वर्लनराव म्हणाले.

अखेरीस त्यांणी ऑर्विलबाबांस हाताला धरून काळ्या गाडीत बसविले आणि शेजारी बसून दार लाविले. वारा बाहेर राहिला. आत शांतता जाहली. म्हाताऱ्याने बराच वेळ हॅटची कड बोटांनी चाचपली आणि मग समोर पाहतच विचारिले.

"तो तुझा पट्टा होता ना?"

वर्लनरावांचा चेहरा उतरला. "हो. माफ करा, मिस्टर क्रौच. नवा आहे."

"चांगला आहे." म्हातारा म्हणाला. "आता घरी फार शांत असेल बघ." त्याने हॅट डोक्यावर ठेविली. "परत एकदा वाजव ना."

वर्लनरावांनी कोट सारखा केला, पाठ ताठ केली आणि छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला. कर्रर्र. ऑर्विलबाबांनी डोळे मिटून मान डोलाविली, आणि वर्लनराव दफनभूमीच्या फाटकापर्यंत मोठमोठे श्वास घेत राहिले.

येणेप्रमाणे कमरपट्ट्याची मोहीम फत्ते जाहली. विजार कायम, पिस्तुल गुप्त, पेटीपुढला मान बहाल. आकडा चव्वेचाळीस हा नेल्डा, आयडाहोचे कारागीर आणि बखरकार यांखेरीज कोणास ठाऊक नाही, आणि वाचणारांनीही तो पोटात ठेवावा. लेखनसीमा.