सासऱ्यांचा बॉल आणि माझा अंगठा

बोलिंगमध्ये, म्हणजे दहा पिना पाडायच्या खेळात, हरलेले लोक खांद्याला, मनगटाला, नशिबाला दोष देतात. मी म्हणायचो, बॉलमधलं अंगठ्याचं भोक मापात असलं की बाकीचं आपोआप होतं. अंगठ्यावर माझा पूर्ण ताबा आहे, अशी माझी समजूत होती.

सासऱ्यांचा गुडघा कायमचा रुसला तेव्हा त्यांनी आपला निळा बॉल मला दिला. "जावईबापू, यंदाचा अंतिम सामना तेवढा जिंकून दाखवा," एवढंच म्हणाले. बॉलमध्ये धुक्यासारख्या पांढऱ्या रेघा होत्या. मांडीवर घेऊन बसलं की वेळ कसा जायचा कळायचं नाही.

पण सासऱ्यांचा अंगठा म्हणजे गाजर आणि माझा भेंडी. भोक सैल पडायचं. बॉल निसटू नये म्हणून मी अंगठा आवळायचो, मग तो वेळेवर सुटायचा नाही.

"आवळू नकोस," बायको म्हणाली. ती माझ्यापेक्षा बरी खेळते, असं लोक म्हणतात. "अंगठा आधी सुटू दे, बोटं मागून. आतून चिकटपट्टी लाव, पण एकच थर."

एका थराने एवढा फरक पडला, तर तीन थरांनी काय होईल, म्हणून सामन्याच्या दिवशी मी गुपचूप आणखी दोन लावले. अंगठा रेशमात शिरावा तसा आत गेला. खेळता खेळता अंगठा फुगतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे बायकोने सांगितलं होतं.

शेवटचा बॉल माझा होता. सात पिना पडल्या की सामना आमचा. बॉल उचलला आणि लक्षात आलं, अंगठा आत रुतून बसलाय. मी ओढला, पिळला. लांबून ते ध्यान लावल्यासारखं दिसत असावं, कारण हॉल हळूहळू शांत झाला. सासरे खुर्चीत पुढे सरकले.

"अंगठा," मी आमच्या संघाच्या कप्तानाकडे बघून पुटपुटलो.

त्यानेही हसून अंगठा वर केला.

आता माघार कुठली? झोक्याच्या जोराने सुटेल, अशा भरवशावर मी धावलो. हात मागे गेला, पुढे आला. बॉल निघाला, आणि त्याच्याबरोबर मीही.

पुढचं सगळं फार संथ घडलं. तेल लावलेल्या लाकडावरून मी पोटावर तरंगत चाललो होतो. पोटाखालून दिव्यांची प्रतिबिंबं पाण्यातल्या चंद्रासारखी मागे सरकत होती. कुठून तरी बायकोचा आवाज आला, "अरे, सैल सोड."

मी सैल सोडला. टप् असा हलका आवाज झाला आणि निळा बॉल एकटाच पुढे निघाला, डुलत, धुकं फिरवत. गाल लाकडाला टेकवून मी बघत राहिलो. पहिली पिन कलंडली, तिने शेजारणीला धक्का दिला, आणि बघता बघता दहाही जणी आडव्या झाल्या. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं.

"गुण शून्य," पंच म्हणाले. "पाय रेषेच्या पुढे गेला."

"पाय कसला," सासरे म्हणाले, "सबंध जावई गेला की हो."

सामना गेला. हसून हसून डोळे पुसत सासऱ्यांनी चिकटपट्टी सोलून काढली आणि बॉल बायकोच्या हातात दिला. तिचा अंगठा त्यात अगदी मापात बसला. तिची बोटं वडिलांवर गेलीत, हे मी मात्र घरात बोलत नाही.