निकमकाकांची बाजूची सीट

आमच्या जुईनगरच्या सोसायटीतले निकमकाका गाडीत दारातून बसत नाहीत. खिडकीची काच खाली करतात. आधी डावा पाय आत, मग कंबर, मग एक 'आई गं', आणि शेवटी डोकं. वय सत्तरीला टेकलेलं. दार चांगलं उघडतं, मी स्वतः उघडून पाहिलंय. पण काकांची हयात रेसच्या गाड्यांत गेली. त्या म्हणजे आपल्याच साध्या गाड्या, आतून सोलून काढलेल्या. दारं वेल्डिंग करून बंद आणि सीट एकच.

साताऱ्याहून ते तुर्भ्याच्या एका गॅरेजात कामाला आले. ऐन शर्यतीच्या दिवशी मालकाचा ड्रायव्हर तापाने फणफणला आणि मेकॅनिक निकम गाडीत बसले, ते उतरलेच नाहीत. मद्रास, कोईमतूरचे ट्रॅक, सगळं केलं. बहुतेक वेळा तिसरे यायचे. त्याचं त्यांना जराही वाईट वाटत नाही.

"पहिल्याला नुसता रस्ता दिसतो ओ. तिसऱ्याला गाड्या तरी दिसत्यात."

सकाळी काही विचारलं तर म्हणणार, "थांबा, टायर गार हायेत." चहा झाला की उत्तर मिळतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून जुंपली की काका खिशातून पिवळं फडकं काढून हलवतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. सेक्रेटरीसुद्धा आता गप्प बसतात.

रोज सकाळी गेटवर गाडी उभी करून ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "येताय का? सोडतो की." कुणी येत नाही. पाटलांना डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतं, शिंदेवहिनींचं काहीतरी घरी राहिलेलं असतं. रेसवाल्याच्या गाडीत बसून जीव कोण धोक्यात घालणार?

एका रविवारी रिक्षांचा संप होता आणि मला बेलापूरला बहिणीकडे जेवायला जायचं होतं. मी देवाचं नाव घेतलं आणि बसलो. बाजूच्या सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. काकांनी माझा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि गाडी अशी काही हळू काढली की सायकलवाले पुढे गेले.

"काका, जरा दाबा की."

"बाजूला मानूस हाय," ते म्हणाले. "सवय नाय मला."

मग आपणहून बोलू लागले. "आमची ही कधी रेस बघाया आली नाय. फोनजवळ बसून राहायची. रेस सोडली तवा ही गाडी बुक केली, म्हटलं आता तुला फिरवतो. गाडी आली तवर ती अंथरुणाला खिळली. नाय बसली कधी."

बेलापूर आलं, पण काकांनी गाडी वळवली. थोड्या वेळाने पुन्हा सारसोळेचा सिग्नल लागला.

"काका, इथून आपण मघाशी गेलो."

"गेलो ना. लॅप झाला एक." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी उतरला की मला एकट्यालाच यायचंय ओ घरी."

तेवढ्यात बहिणीचा फोन आला, भात गार होतोय, कुठे आहेस?

"ट्रॅफिकमध्ये अडकलोय गं," मी म्हटलं. "तुम्ही बसा जेवायला."

पाम बीच रोडवर चिटपाखरू नव्हतं. पुढचा चौक आला तसा काकांनी हळूच यू-टर्नचा इंडिकेटर दिला.