पुढच्या ब्रेकातली हवा

"दाबा, बाबा. आता धरून ठेवा. सोडू नका."

सासऱ्यांनी सोडलं.

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाशी उकिडव्या बसलेल्या जावयाने डोळे मिटून घेतले. पारदर्शक नळीतून मोठ्या मुश्किलीने बाहेर आलेला हवेचा बुडबुडा तेलासकट सुर्रकन परत आत गेला होता.

"मी सोडू नका म्हटलं होतं."

"मला 'सोडा' एवढंच ऐकू आलं," सासरे शांतपणे म्हणाले. ते गाडीवर ताठ बसले होते आणि समोर बघत होते.

काम तसं साधं होतं. जावयाने ब्रेकचा जुना गळका पाइप बदलला होता. बदलताना आत हवा शिरली आणि ब्रेकची मूठ दाबली की ती थेट हँडलला टेकू लागली. आता एकाने मूठ दाबून धरायची, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा नट ढिला करून हवा बाहेर काढायची, नट पुन्हा आवळायचा आणि मगच पहिल्याने मूठ सोडायची.

जावई दंतवैद्य होता. 'आ करा', 'मिटा' असं दिवसभर सांगायचं आणि लोकांनी निमूटपणे ऐकायचं, याची त्याला सवय. लोकांच्या तोंडात काहीतरी असायचं म्हणून ते बोलत नसत. सासरे मात्र तोंडात काही नसतानाही बोलत नसत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचं जावयाशी संभाषण 'आलात?' आणि 'निघालात?' यापलीकडे गेलं नव्हतं. निवृत्त भूमापक माणूस. उभी नोकरी त्यांनी याच गाडीवरून जमिनी मोजत काढली होती. आता गुडघे कुरकुरतात, गाडी विकून टाकायची, असं सासूबाईंनी ठरवलं. सासरे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. गिऱ्हाईकही मिळालं, कोणी एक फोटोग्राफर. अडलं होतं फक्त ब्रेकपाशी. तेव्हा, या निमित्ताने सासऱ्यांच्या जरा जवळ जाता येईल म्हणून जावई हौसेने पुढे झाला.

सासऱ्यांना नीट ऐकू जात नाही हे पाहून सासूबाई कणकेचे हात तसेच घेऊन पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"दाबा," जावई म्हणाला.

"दाबा म्हणतोय तो," सासूबाई वरच्या पट्टीत म्हणाल्या.

"आता धरा."

"धरा म्हणतोय. आणि मी सांगेपर्यंत सोडाल तर याद राखा."

ही युक्ती लागू पडली. बुडबुडे भराभर बाहेर येऊ लागले. तेवढ्यात आत फोन वाजला. सासूबाई कोपराने दार लोटून आत गेल्या आणि लगबगीने परत आल्या. "फोटोग्राफर कोपऱ्यावर आलाय," असं म्हणत त्यांनी फाटक सताड उघडलं.

जावयाची धांदल उडाली. पाइपाच्या बाकात एक बुडबुडा अडकून बसला होता. हँडल वळवलं तर सुटेल, असं वाटून तो उठला आणि त्याने हँडलला एक हिसका दिला. अंगणाला उतार होता. गाडीचं स्टँड खटकन मागे गेलं, गाडी पुढे सरकली आणि जावई बाजूला फेकला गेला.

त्याने हाताला लागेल ते धरलं. हाताला नळी लागली आणि ती निघून हातातच राहिली. गाडी सासऱ्यांना घेऊन फाटकाबाहेर पडली.

इंजिन बंद असल्यामुळे आवाज नव्हता, हे सगळ्यात भयंकर होतं. पायजमा, बनियन आणि सपाता घातलेले सासरे उताराच्या गल्लीतून गुपचूप वेग घेत चालले होते. ओरडावं म्हणून जावयाने तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. आता बायकोला काय सांगायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात आला.

"दाबा म्हणतोय तो," सासूबाई सवयीने ओरडल्या. जावई काहीच म्हणाला नव्हता.

खालून फोटोग्राफर येत होता. गाडी लगेच न्यायच्या तयारीने त्याने हेल्मेटही आणलं होतं. समोरून येणारी गाडी पाहून तो जागीच थिजला. बाजूला व्हायचं सोडून त्याने हेल्मेट डोक्यात घातलं, पट्टा लावला आणि तिथेच उभा राहिला.

अगदी शेवटच्या क्षणी सासऱ्यांनी हँडल वळवलं. बांधकामापुढे पडलेल्या वाळूच्या ढिगात गाडी घुसली आणि थांबली.

जावई धापा टाकत पोचला, तेव्हा फोटोग्राफरच्या हेल्मेटची काच आतून धुरकट झाली होती. "मी घरी विचारून कळवतो," तो काचेआडून म्हणाला आणि हेल्मेट न काढताच आला तसा चालू लागला.

सासूबाईंनी नवऱ्याचे हातपाय चाचपून पाहिले. सगळं जागेवर होतं. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नये म्हणून त्या बडबडत तरातरा घराकडे निघाल्या.

जावयाने गाडी वाळूतून ओढून रस्त्यावर आणली. ती पुन्हा खाली ओघळू लागली, तसा तो घाबरून तिच्यावर बसला आणि पाय आपोआप खालच्या पट्टीवर पडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्याने पाय काढून पुन्हा दाबून पाहिला. मग तो सावकाश वळला.

"बाबा, मागचा ब्रेक तर लागतोय."

सासऱ्यांनी आधी सासूबाई किती लांब गेल्यात ते पाहिलं.

"लागतो की," ते म्हणाले. "चांगला लागतो."

"मग तुम्ही..."

सासरे जवळ आले. पायजम्याची वाळू झटकत, हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या ब्रेकात थोडी हवा राहू द्या, जावईबापू. रविवारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे."

"काय म्हणतायत ते?" वरून सासूबाईंनी विचारलं.

जावयाने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं.

"काही नाही, आई," तो म्हणाला. "त्यांना नीट ऐकू गेलं नाही."