शेवट आधी सांगणाऱ्या मार्थाबाई

सेक्टर सतराच्या लायब्ररीत माझ्या हातात रहस्यकथा बघून मार्थाबाई म्हणाल्या, "खून डॉक्टरनं केलाय. आता निवांत वाचा." ही आमची पहिली ओळख.

बाई मूळच्या नगरच्या. चंदीगडात आमच्याच सरकारी क्वार्टर्समध्ये वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. पत्राची शेवटची ओळ आधी वाचायच्या आणि सिनेमाचा शेवट मध्यंतराआधीच सांगून मोकळ्या व्हायच्या. त्यांच्या शेजारी बसून टीव्ही बघायची कॉलनीत कुणाची छाती नव्हती. कारण विचारलं तर म्हणायच्या, "शेवट हातात असला की मधलं सोसतं."

ईस्टरला त्या कॉलनीतल्या पोरांना जमवून रंगवलेली अंडी द्यायच्या आणि सणाचा अर्थ सांगायच्या. तिथंही क्रूसाच्या आधी रिकामी कबर यायची. येशू तिसऱ्या दिवशी उठला, म्हणजे देवाच्या प्रेमापुढं मरण हरलं, हे पक्कं झाल्यावरच खिळ्यांची गोष्ट. अंडंही कबरीसारखंच, बाहेरून बंद आणि आत जीव, इथवर येईपर्यंत निम्मी अंडी पोरांच्या पोटात गेलेली असत. आम्ही हिंदू, पण माझी सहा वर्षांची मिनू त्यात सगळ्यांत पुढं.

पंजाबात दहशतवाद पेटलेला होता, त्या वर्षी माझे यजमान गुरदासपूरकडे सरकारी तपासणीला गेले होते. शुक्रवारी परतायचे, ते रविवार उजाडला तरी आले नव्हते. त्या बाजूला बसवर गोळीबार झाल्याचं कानावर आलं होतं आणि फोन लागत नव्हता. घरात बसवेना, म्हणून मीही मिनूबरोबर वर गेले.

येशू उठल्याचं ऐकून मिनूनं विचारलं, "आंटी, आज तीसरा दिन है. पापा भी आएँगे ना?"

बाई हो म्हणतील, याचीच मला भीती वाटली. त्यांनी हातातलं अंडं खाली ठेवलं.

"ये मुझे नहीं पता, बेटा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चला, मी तुमच्याकडे येते."

मंगळवारपर्यंत त्या आमच्याकडेच राहिल्या. पोळ्या लाटल्या, मिनूला न्हाऊ घातलं, आणि एकदाही सगळं ठीक होईल असं म्हणाल्या नाहीत. मंगळवारी दुपारी हे दारात उभे राहिले. कर्फ्यूत अडकले होते. मी ओक्साबोक्शी रडले. सावरले तेव्हा बाई निघून गेल्या होत्या.

मी चहा घेऊन वर गेले आणि अशा न सांगता का निघून आलात, म्हणून रागावले.

"आमचे हे तिकडंच, बटाल्याला गेले होते, तेव्हा मी सहा दिवस दाराशी बसले होते," त्या म्हणाल्या. "परत आलेला माणूस दारात कसा दिसतो, ते आज बघितलं."

मी खाली गेले नाही. ह्यांना आणि मिनूलाच वर बोलावून घेतलं.