व्याह्यांना दाखवलेला कडा

"दर रविवारी पहाटे मी रानात असतो," असं सगुण मांद्रेकरांनी होणाऱ्या व्याह्यांसमोर ठासून सांगितलं, तेव्हा त्यांची बायको विनोदिनी चहाचा ट्रे घेऊन दारात पोचली होती. ट्रे तिने कसाबसा सावरला. गेली सव्वीस वर्षं रविवारी पहाटे सगुण कुठे असतात आणि किती जोरात घोरतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण दोष एकट्या सगुणांचा नव्हता. त्यांची सेजल आणि कुडाळचा ओंकार यांनी एकमेकांना पसंत केलं होतं. आईबापांनी भेटून होकार द्यायचा, एवढंच उरलं होतं. ओंकारचे वडील रघुनाथराव, ट्रान्सपोर्टचा धंदा असलेले भारदस्त गृहस्थ, गोव्यात कोरगावला मांद्रेकरांच्या घरी आले तेच मुळी गडकिल्ल्यांच्या गोष्टी सांगत. एक गड तर म्हणे ते अनवाणी चढले होते. हार्डवेअरच्या दुकानात स्टुलावर बसून जन्म गेलेल्या सगुणांना आपण अगदीच पुळचट ठरतोय असं वाटलं. मग जीभ सुटली ती थांबेचना.

"डिचोलीच्या पलीकडे कोंडीचा कडा आहे. खाली नदी खडक चिरत जाते. सूर्य उगवताना बघावं हो. डोळे बांधून सोडलं तरी पोचेन मी."

"मग येत्या रविवारी नेता का आम्हाला?" रघुनाथराव म्हणाले.

झालं. पाहुणे गेल्यावर सेजलने बापाला कोपऱ्यात गाठलं. "बाबा, खरंच गेलायत तिथे कधी? माझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

"बापावर विश्वास नाही तुझा?" सगुण दुखावल्यासारखे म्हणाले. आणि रात्री पांघरुणात तोंड घालून त्यांनी त्या कड्याचे फोनवर सापडतील तेवढे व्हिडिओ बघितले.

डिसेंबरातला रविवार उजाडायच्या आत, पाच वाजता, चौघं जण रानाच्या तोंडाशी असलेल्या एका देवळापाशी गाडीतून उतरली. सगुण, विनोदिनी, रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई. सगुणांनी दुकानातल्या तीन नव्या बॅटऱ्या आणल्या होत्या, पायात करकरणारे नवे बूट होते. धुकं असं दाट की सुरीने कापून डब्यात भरावं. फोनवर रेंज नव्हती, म्हणजे व्हिडिओही गेले.

"चला, माझ्या मागोमाग," सगुण म्हणाले आणि एका काजूच्या झाडावर जाऊन आदळले.

दहा मिनिटांत झुडपात खसफस झाली. सगुणांनी हात वर केला. "कुणी हलू नका. गवा आहे. मला वासावरून कळतं."

"आमच्या गडावर पण असायचे," रघुनाथराव कुजबुजले आणि सगुणांच्या मागे लपले. दोघे एकमेकांना धरून उभे राहिले. झुडपातून किणकिण ऐकू आली.

"गव्याच्या गळ्यात घंटा कुणी बांधली?" विनोदिनीने विचारलं.

कुणाची तरी म्हैस बाहेर आली, चौघांकडे बघून तिने सुस्कारा सोडला आणि निघून गेली.

पुढे वाट फुटली. डावीकडची उताराची होती, उजवीकडची चढाची. सगुणांनी नव्या बुटांचा सल्ला घेतला आणि डावी धरली. ती हळूहळू रुंद होत गेली. इतकी रुंद, की चौघं हातात हात घालून चालू शकली असती.

"रानात एवढा मोठा रस्ता?" विनोदिनी म्हणाली.

"वनखात्याचा," सगुण ताबडतोब म्हणाले. मागून रघुनाथरावांचा आवाज बंद झाला होता. गड नाही, किल्ला नाही. धुक्यात नाकापुढचं दिसत नसताना हा माणूस मात्र वळण यायच्या आधीच वळत होता. किती सराव असेल चालण्याचा, असं सगुणांच्या मनात आलं आणि ते आणखी घाबरले.

आणि मग दीडेक तासाने एकाएकी पुढची जमीन संपली. गार वारा तोंडावर आला. खोल कुठेतरी पाणी ठिबकत होतं. सगुणांना नारळ फोडावासा वाटला.

"हाच," ते हात पसरून म्हणाले. "हाच कोंडीचा कडा. धुकं आहे, पण मी सांगतो ना. खाली नदीचा पाट, चांदीच्या तारेसारखा. डावीकडे तो हत्तीच्या सोंडेसारखा खडक. दिसला?"

"वा," रघुनाथराव म्हणाले. "सोंड तर अगदी स्पष्ट आहे."

"मला माझे पायसुद्धा दिसेनात," विनोदिनी म्हणाली.

सगुणांनी सोंडेनंतर धबधबा दाखवला, धबधब्यानंतर गरुडाचं घरटं दाखवलं. घरट्यात दोन पिल्लं घातली. तिसरं घालणार एवढ्यात ऊन आलं आणि कुणी चादर ओढून घ्यावी तसं धुकं उठलं.

खाली बंद पडलेल्या खाणीचा प्रचंड खड्डा होता. चहूबाजूंनी तांबड्या मातीच्या पायऱ्या कापलेल्या, तळाला हिरवंगार साचलेलं पाणी. सोंडेच्या जागी माती वाहणारा गंजलेला टिपर ट्रक. आणि सगुणांच्या शेजारीच पाटी: खाणक्षेत्र, प्रवेश बंद.

सेजलचं लग्न त्या हिरव्या पाण्यात बुडताना सगुणांना लख्ख दिसलं.

"अवो," रुक्मिणीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "हयसरच ना तुमचो टिपर रुतल्लो?"

रघुनाथरावांनी डोळे मिटले. आतापर्यंतची त्यांची पुस्तकी मराठी गळून पडली.

"बारा वर्सां," ते म्हणाले, "ह्याच रस्त्यार टिपर चलवलंय मी. मगे स्वतःचे ट्रक झाले."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं? कधी?" सगुणांनी विचारलं.

"पयल्याच वळणार."

"मग बोलला का नाही?"

"तुमी एवढ्या प्रेमान सोंड दाखवत होतास. बोलतलंय कसो?" मग खाली बघत म्हणाले, "आणि वाटला, चेडवाचो बापूस दुकानवालो. टिपरचो ड्रायव्हर म्हटल्यार काय म्हणतलो?"

सगुण त्यांच्या शेजारी सरकले. "व्याही," ते म्हणाले, "खाणी चालू होत्या तेव्हा माझं दुकान चाललं ते तुमच्यासारख्यांना नटबोल्ट विकून. आणि खरं सांगू? हांव आयताराक नऊ वाजल्याशिवाय उठना."

"म्हायत आसा. म्हशीक गवो म्हणालास तेव्हाच कळला."

"आणि तो अनवाणी चढलेला गड?"

"सातवीची सहल. चप्पल हरवली."

विनोदिनीला पहिल्यांदा हसू फुटलं, मग रुक्मिणीबाईंना, मग चौघंही खड्ड्याच्या काठावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. डबा उघडला गेला. उंडे पाव आणि बटाट्याची सुकी भाजी खाता खाताच साखरपुड्याची तारीख ठरली. निघताना रुक्मिणीबाईंनी हौसेने हात लांब करून चौघांचा फोटो काढला. पाटी रघुनाथरावांच्या पोटामागे गेली. मागे हिरवं पाणी, तांबडे कडे, कोवळं ऊन.

देवळापाशी रेंज आली, आणि फोटो दोन्ही घरांच्या ग्रुपवर जाऊन पडला. गाडीत बसेपर्यंत एक्केचाळीस निरोप आले होते. गोव्यात एवढी सुंदर जागा आहे? स्वर्ग म्हणतात तो हाच. सेजलने लिहिलं होतं, "बाबा, मला वाटलं तुम्ही थापा मारताय. सॉरी." आणि रुक्मिणीबाईंच्या भावाने पुढच्या रविवारसाठी मिनीबस ठरवूनसुद्धा टाकली होती. बावीस माणसं. वाटाडे, अर्थातच, दोघे व्याही.

सगुणांनी फोन मांडीवर उपडा ठेवला.

"व्याही," त्यांनी हळूच विचारलं, "खरा कडा आहे कुठे?"

"माका काय म्हायत?" रघुनाथराव म्हणाले. "माझो टिपर थंय कधी गेलोच नाय."